माग थांबले त्या दुपारी

पहाटे पाचच्या एसटीने मी औरंगाबाद सोडलं. अलका दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पोचलास की फोन कर." बाकी काही विचारलं नाही. कंपनीच्या कागदावर कामाचं ठिकाण 'वडपे' असं लिहिलेलं होतं आणि मीही तिला वडपे एवढंच सांगितलं होतं. तिथून भिवंडी हाकेच्या अंतरावर आहे हे तिला माहीत होतं. माझा जन्म भिवंडीचा. वयाची पहिली बावीस वर्षं मी तिथे काढली आणि माझा सख्खा थोरला भाऊ अजून तिथेच राहत होता. पण गेली चार वर्षं आमच्या घरात भिवंडीचं नाव निघत नव्हतं.

हे दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं सांगतोय. गोदामांमध्ये संगणक बसवून देणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. खोक्यावर काळ्या रेघांची पट्टी चिकटवायची, तिच्यावर हातातल्या यंत्राचा लाल उजेड टाकायचा, की 'टूं' असा आवाज होऊन खोक्याची नोंद संगणकात जाते. आज किराणा दुकानातही हे दिसतं, तेव्हा लोक त्या यंत्राभोवती गोळा व्हायचे. वडप्याच्या एका नव्या गोदामात ही व्यवस्था लावून द्यायला मला सहा दिवस मिळाले होते.

इगतपुरीला थंडी होती. कसारा घाट उतरलो तसा मी स्वेटर काढला. शहापूरच्या पुढे भाताची कापणी झालेली खाचरं दिसू लागली. पेंढ्याच्या वासाने एकदम बरं वाटलं. लहानपणी आम्ही दोघे भाऊ सायकलवर डबलसीट या बाजूला यायचो. दादा पॅडल मारायचा आणि मी मागे बसून त्याला शेतांमधून पळणारे मुंगूस दाखवायचो. पडघा मागे पडलं आणि मी खिडकीतून बघतच राहिलो. शेतं संपली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची गोदामं, त्यांच्यासमोर ट्रकांच्या रांगा. कंडक्टरने "वडपा, वडपा" म्हणून आवाज दिला तेव्हा आपण योग्य जागी उतरतोय का, अशी मला शंका आली.

गोदामाच्या फाटकावर साठीचा एक माणूस खाकी गणवेशात बसला होता. त्याने माझं नाव वहीत लिहून घेतलं आणि बॅग स्वतःच उचलली.

"राहू द्या काका, मी घेतो."

"असूं दे. पाव्हणा हाय तुमी." चालता चालता तो म्हणाला, "ह्या तीन नंबरचा दरवाजा हाय ना, तिथं आमचं खळं (मळणीची जागा) व्हतं. बाजूला आंब्याचं झाड. आता त्या जाग्यावर तुमचा कंप्युटर बसनार."

त्यांचं नाव काशिनाथ. ज्या जमिनीवर त्यांनी चाळीस वर्षं भात लावला तिच्यावरच ते आता पहारा देत होते. मी विचारलं, वाईट नाही वाटत? ते म्हणाले, "जमीन इकली ती पोरांच्या मतानं. बंगला झाला, गाडी आली. पन घरात बसून करू काय? हितं निदान आपल्या जाग्यावर बसल्यासारखं वाटतं."

सोमवार आणि मंगळवार तारा ओढण्यात आणि माणसांना शिकवण्यात गेले. खोकी लावणाऱ्यांमध्ये डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या वारली बायका होत्या. त्यांतली जानकी अक्षर वाचू शकत नव्हती, पण कोणतं खोकं कोणत्या रांगेत आहे हे तिला तोंडपाठ होतं. मी तिच्या हातात यंत्र दिलं. पहिल्यांदा 'टूं' झालं तेव्हा ती दचकली. मग इतकी हसली की तिने एकाच खोक्याची सात वेळा नोंद केली आणि मला अर्धा तास ती पुसत बसावं लागलं.

मंगळवारी दुपारी काशिनाथकाका मला जेवायला घरी घेऊन गेले. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि अंबाडी गावच्या बाजारातून आणलेला जवळा (सुकवलेली बारीक कोळंबी) कांद्यावर परतलेला. पहिल्याच घासाला आईची आठवण झाली. काकांच्या बायकोने विचारलं, "तुमी मूळचं कुठलं?"

"भिवंडीचा."

"मंग घरी न्हाय गेलंत?"

मी "जाईन" म्हणालो आणि भाकरीचा तुकडा मोडत बसलो.

जायचं नाही असंच मी ठरवून आलो होतो. त्याचं कारण आता सांगतो.

आमचे बाबा भिवंडीत यंत्रमागावर कामाला होते. दिवेलागणीच्या वेळेला घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापसाची लव बसलेली असायची. दहावी होऊन मी पुढे शिकलो. दादा, म्हणजे मधुकर, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो सातवीनंतर कारखान्यात गेला आणि पुढे जॉबर (माग जुळवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर) झाला. माझ्या शिक्षणासाठी तो दोन दोन पाळ्या करायचा. आई-बाबा गेले, मी नोकरीसाठी औरंगाबादला गेलो, तरी दर महिन्याला त्याच्या कारखान्यात फोन करायचो. त्याचं बोलणं मात्र दिवसेंदिवस तुटक होत गेलं. "हां, हां. ठीक. छान." आणि फोन ठेवायचा. मला वाटायचं, मागे कामं खोळंबली असतील.

चार वर्षांपूर्वी अलकाला आठवा महिना चालू असताना आमचं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याबाहेरच्या बूथवरून पहिला फोन दादाला लावला. मला बोलता येत नव्हतं. कसंबसं म्हणालो, "दादा, बाळ गेलं रे. काल. दवाखान्यातच आहोत."

पलीकडून दादा म्हणाला, "वा! छान, छान. तुझ्या वहिनीला सांगतो. काळजी घ्या." आणि फोन ठेवला.

मी हे अलकाला सांगितलं, सांगायला नको होतं. त्यानंतर ना त्याचा फोन आला ना तो आला. आम्ही घर बदललं, नवा पत्ता मी कळवला नाही. एवढंच कारण. पण ते चार वर्षांत दगडासारखं होऊन बसलं होतं.

बुधवारी सकाळी संगणकाचा एक सुटा भाग जळाला आणि तो आणायला मला भिवंडीच्या बाजारात जावंच लागलं. सहा आसनी रिक्षाने गेलो. रस्त्यात पूर्णा गावाच्या बाजूने येणारे कंटेनर अडकले होते, त्यामुळे तासभर गेला. बाजारात पूर्वी जिथे सुताच्या कांड्या, धोटे (आडवा धागा नेणारे लाकडी नळे) आणि मागाचे सुटे भाग मिळायचे, तिथे मोबाइलची दुकानं झाली होती. एका दुकानापुढे जुन्या मागांची मोड रचलेली होती. लोखंडी चौकटी एकावर एक, भंगाराच्या भावाने जायला तयार.

मला हवा तो भाग मिळाला. परत फिरायला हवं होतं. पाय मात्र आपोआप आमच्या गल्लीकडे वळले.

गल्लीच्या तोंडाशीच तो आवाज आला. खटाखट, खटाखट. शेकडो मागांचा एकत्र आवाज. ज्याचं बालपण त्यात गेलं त्याला तो आवाज कानांनी नाही, छातीत ऐकू येतो. आमच्या घरात पातेल्यातलं पाणी दिवसभर थरथरत असायचं. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून कारखान्यातली माणसं ओठ मोठे करून, आवाज न काढता बोलतात. बाबा घरी येऊनही तसंच बोलायचे. गल्लीतल्या आम्हा पोरांना ती ओठांची भाषा मराठी-हिंदीइतकीच यायची. शाळेत परीक्षेला आम्ही त्याच भाषेत एकमेकांना उत्तरं सांगायचो आणि मास्तरांना पत्ता लागायचा नाही.

मी तिथे उभा असतानाच एकदम सगळं थांबलं. भारनियमन. तेव्हा दिवसातले कितीतरी तास वीज जायची. क्षणभरात गल्लीत इतकी शांतता पसरली की कुणाच्या तरी घरातली फोडणीही ऐकू आली. कारखान्यातून माणसं बाहेर येऊन पायऱ्यांवर बसू लागली. पाचव्या कारखान्याच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून, दादा बसला होता. बनियन, खांद्यावर पंचा. केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी करून बसायची पद्धत तीच.

सगळा निश्चय गळून पडला. मी दहा पावलांवरून हाक मारली, "दादा!"

तो हलला नाही.

"दादा! मी पक्या!"

आजूबाजूची चार माणसं वळली. दादा समोरच्या भिंतीकडे बघत विडी ओढत राहिला. चार वर्षांनी आलो आणि हा माझ्याकडे बघायलाही तयार नाही! मी वळलो आणि चालू लागलो. तेवढ्यात कुणीतरी माझा दंड धरला. शेजारच्या खोलीतले रशीदचाचा होते, बाबांच्या वेळचे. दाढी पूर्ण पांढरी.

"पीछे से मत पुकारो बेटा," ते म्हणाले. "मधू को सुनाई नहीं देता. सामने जाओ."

"कब से?"

"सात-आठ साल हो गए. पहले कम था, अब कुछ नहीं. सेठ को मालूम नहीं है. जॉबर का काम ही कान का है ना."

मला ते खरं वाटायला वेळ लागला. मागात कुठे काय बिघडलंय हे जॉबर आवाजावरून ओळखतो. कान गेले तर नोकरी गेली. मग आठ वर्षं हा काम कसं करत होता? चाचांनी आपला तळवा हवेत आडवा धरून दाखवला. "लोहे पर हाथ रखता है. हाथ से सुनता है."

मी फिरून दादाच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर केली. विडी खाली पडली. मग इतक्या मोठ्याने, की सगळी गल्ली हसली, तो ओरडला, "पक्या! केस कुठे गेले रे तुझे?"

तो मला हाताला धरून घरी घेऊन गेला, मी पळून जाईन अशा धास्तीने. वहिनींनी पाणी दिलं. पण त्या माझ्याशी बोलेनात. स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला, साखरेचा डबा जरा जोरातच आपटला. शेवटी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "एकटेच आलात भाऊजी. आणायचं तरी होतं त्यांना."

"अलकाला? ती…"

"अलकाला आणि लेकराला. मुलगी झाली की मुलगा, तेही आम्हाला कळवलं नाहीत. बारशाच्या बोलावण्याची वाट बघून बघून डोळे दुखले. हे कारखान्यातून मलमलीचं कोरं कापड घेऊन आले होते. मी ते बारा पाण्यांतून काढलं, मऊ केलं. बारा दुपटी शिवली. पत्र टाकलं तर तेही परत आलं. सहा महिन्यांनी सगळी रशीदचाचांच्या नातीला देऊन टाकली. गरीब आहोत म्हणून बारशाला लाज वाटली का आमची?"

बोलता बोलता वहिनी आमच्याकडे वळल्या होत्या आणि दादा त्यांच्या ओठांकडे बघत होता. विषय त्याला समजला. तो हसून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "जाऊ दे तिचं. तू सांग, नाव काय ठेवलं?"

आणि त्याच क्षणी वीज आली. भिंतीपलीकडचे माग एकदम सुरू झाले, भांडी किणकिणली. तो मोठा आवाज आला नसता तर कदाचित मला सांगताच आलं नसतं. मी दादाच्या समोर सरकून बसलो आणि बाबा बोलायचे तसे ओठ मोठे करून, आवाज न काढता सांगितलं. बाळ गेलं. जन्मायच्या आधीच. मी फोन केला तो तेच सांगायला.

वहिनींनीही ते वाचलं. त्या खाली बसल्या.

दादाने विचारलं, "फोनवर मी काय म्हणालो?"

मी म्हणालो, "काही नाही. लाइन कट झाली."

"खोटं बोलू नकोस." त्याचा आवाज फाटला. "मी छान म्हणालो असणार. मी सगळ्यांना छानच म्हणतो, पक्या. दिवस भरत आलेले होते, तुझा फोन आला, 'बाळ' आणि 'दवाखाना' एवढंच कानात शिरलं. मला वाटलं, झालं." आणि त्याने पंचा तोंडावर धरला. मी माझ्या भावाला बाबा गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी वडप्याला उशिरा पोचलो. गुरुवारभर माझं कामात लक्ष नव्हतं. जानकीनेच मला दोन चुका दाखवल्या.

शुक्रवारी भिवंडीतले माग बंद असतात. मी गोदामातून अर्धी रजा घेतली आणि दादा-वहिनींना एसटीने ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दादा नाही-नाही म्हणत होता, पण वहिनींनी त्याला नवा शर्ट घालायला लावला तेव्हा गप्प बसला. तपासणीसाठी त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे गोल चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. दादा भराभर बटण दाबत होता. मी वहिनींना म्हणालो, "बघा, येतंय की ऐकू!"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "मी अजून आवाज सोडलेलाच नाही," त्या म्हणाल्या.

आत दादा आमच्याकडे बघून हसत होता, बटण दाबत होता. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. आठ वर्षं तो असंच करत आला होता, सेठपुढे, फोनवर, माझ्यापुढे. मला तिथे उभं राहवेना. मी आत गेलो, त्याच्या हातावर हात ठेवला आणि ओठांनी म्हणालो, खोटं दाबू नकोस. ऐकू नाही आलं तर नाही. तो शाळेतल्या मुलासारखा खाली बघत "बरं" म्हणाला. दुसऱ्या खेपेला त्याने खरंखरं केलं. एक कान पूर्ण गेला होता, दुसऱ्यात थोडी धुगधुगी होती.

त्या कानाला यंत्र लावून बघितलं. बाईंनी वहिनींना काहीतरी बोलायला सांगितलं. वहिनींना सुचेना. त्या लाजून म्हणाल्या, "अहो, भूक लागली का?"

दादा दचकला. मग म्हणाला, "हिचा आवाज किती म्हातारा झाला रे!" वहिनी हसता हसता रडायला लागल्या.

यंत्र आम्ही विकत घेतलं, पण चमत्कार वगैरे झाला नाही. रस्त्यावर आल्याबरोबर रिक्षांच्या भोंग्यांनी त्याचं डोकं भणाणलं आणि त्याने यंत्र काढून खिशात टाकलं. समोर बसून शांतपणे कुणी बोललं तर त्याचा उपयोग होईल, कारखान्यात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही खिमा-पाव खाल्ला. लहानपणी पगाराच्या दिवशी दादा मला चोरून खायला न्यायचा. आईला कळू नये म्हणून परतताना दोघांनी बडीशेप चघळायची. मी ते आठवून सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, "सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्याच मला सांगायच्या."

मी विचारलं, "सेठला कधी सांगणार?"

"सोमवारी," दादा म्हणाला. "ठेवला तर ठेवला. नाहीतर काशिनाथ का कोण तुझा, त्याच्याशेजारी फाटकावर बसेन. तिथे ऐकायला काय लागतं?" हे तो हसून म्हणाला, पण पाव मोडणारी बोटं थांबली होती.

शनिवारी गोदामाची यंत्रणा सुरू झाली. साहेब लोक आले, पेढे वाटले गेले. मी रविवारी सकाळच्या एसटीत बसलो. परतीच्या वाटेवर तीच गोदामं, तीच खाचरं. येताना मला वाटत होतं की माझं गाव हरवलं. शेतं गेली, माग मोडीत निघाले, बाजार पालटला. ते खरंच आहे आणि त्याची हळहळ मला अजून वाटते. पण त्यातलं काही माझ्या हातात नव्हतं. जे हातात होतं ते मी चार वर्षं केलं नव्हतं. आठ तासांच्या अंतरावरचा माझा भाऊ असं का बोलला, हे जाऊन विचारलं नव्हतं. ज्याने माझ्यासाठी दोन दोन पाळ्या केल्या, त्याचे कान कुठे गेले असतील याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. अलका तांदूळ निवडत होती. मी बूटही न काढता तिच्यासमोर बसलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. दुपट्यांपाशी आलो तेव्हा तिचे हात थांबले.

"बारा?"

"बारा. रशीदचाचांच्या नातीने वापरली, पार विरेपर्यंत."

"बरं झालं," ती म्हणाली. ताटातल्या तांदळांवरून नुसतीच बोटं फिरवत राहिली. "मला वाटायचं, आपण दोघंच वाट बघत होतो."

दवाखान्यातून घरी आल्यानंतर बाळाविषयी आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. बाळ मुलगी होती आणि मुलगी झाली तर ठेवायचं नाव आम्ही सहाव्या महिन्यातच ठरवलं होतं, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"भाऊजींनी नाव विचारलं, तेव्हा तू सांगितलंस?"

"नाही. माझ्याने झालं नाही."

तिने ताट बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मग मी सांगेन," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर बसून, सावकाश."